पहाड पाहणारे आणि पहाडावर राहणारे



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत गेल्या काही वर्षांपासून एक नवे गिऱ्हाईक फिरते आहे. त्याला कापूस नको, ज्वारी नको, धान तर नकोच नको. त्याला नजारा हवा आहे. चंद्रपूरहून मोहर्लीच्या रस्त्याला लागा. इरई धरणाचे पाणी दिसते न दिसते तोच पाट्या सुरू होतात. निसर्गाच्या कुशीत राहा, जंगलाच्या काठावर आपले दुसरे घर बांधा. ज्याला पहिल्याच घरावरची कवेलू दर पावसाळ्यात फेरता येत नाहीत त्याला 'दुसरे घर' ही भाषा समजायला जरा वेळ लागतो. पण ती समजून घेतली पाहिजे, कारण ते दुसरे घर आपल्याच वावरात उभे राहणार आहे.

या गिऱ्हाइकाची थट्टा करावी असे आम्हाला वाटत नाही. नागपूर-पुण्या-मुंबईचा माणूस वर्षभर धुरात आणि भोंग्यात राहतो. लांब कशाला, आपले चंद्रपूर शहरच घ्या. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला औष्णिक वीज केंद्र, आणि वरून मे महिन्याचे ४६-४७ अंशांचे ऊन. त्या माणसाला डोंगर, झाडी, पाणी आणि शांत रात्र हवीशी वाटली तर त्यात नवल काय? आपल्यालाही डोळे आहेत. पळस फुललेला आपल्यालाही दिसतो, पहाटे मोहाखाली पडलेला सडा आपल्यालाही गोड वाटतो. फरक इतकाच की आपला डोळा एका वेळी दोन गोष्टी पाहतो. पळस फुलला की मार्च आला, आणि मार्च आला की सोसायटीचा सचिव दारात आला.

तेव्हा भांडण शहरवाल्याच्या आवडीशी नाही. ज्या नजाऱ्याला आज भाव आला आहे तो राखतो कोण, आणि तो भाव पडतो कोणाच्या पदरात, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

साहेबाची हवा

डोंगरावर हवा खायला जाण्याची चाल आपल्याकडे गोऱ्या साहेबाने पाडली. आपल्या विदर्भातले चिखलदरा १८२३ साली हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस पडले. महाबळेश्वर १८२८ च्या सुमाराचे, माथेरान १८५० चे. उन्हाळा आला की साहेब, मेमसाहेब, त्यांचे घोडे, खानसामे सगळे वर चढायचे, पाऊस लागला की उतरायचे. पहाड म्हणजे दोन महिने राहायची जागा, हे गणित तेव्हाचे. बाकीचे दहा महिने तिथे कोण राहतो, काय पिकवतो, पोरांना काय खाऊ घालतो, याची नोंद साहेबाच्या डायरीत नसायची. मेळघाटातला कोरकू साहेब येण्याआधीही तिथेच होता, साहेब गेल्यावरही तिथेच राहिला. ज्या मेळघाटात लोक धुके पाहायला जातात त्याच मेळघाटाचे नाव पुढे वर्षानुवर्षे वर्तमानपत्रात आले ते बालमृत्यूंसाठी. थंड हवेचे ठिकाण आणि कुपोषणाचे ठिकाण एकच असू शकते, हे आपल्या विदर्भाने दाखवून दिले आहे.

साहेब गेला, चाल राहिली. आता ती रेल्वेच्या डब्यातून नाही, मोठ्या मोटारीतून येते.

माणिकगडावर कोण गेले?

आपल्या भागात पहाडावर राहायला गेलेल्यांची सगळ्यात मोठी गोष्ट माणिकगडाची आहे. राजुऱ्याच्या वर, जिवतीचा मुलूख. हा भाग मूळचा हैदराबाद राज्यातला, आदिलाबाद जिल्ह्यातला. राज्यांची फेररचना झाली तेव्हा इकडे आला. पहाडावर आधीपासून गोंड आणि कोलाम. मग मराठवाड्यातले लोक चढू लागले, आणि १९७२ च्या दुष्काळात तर घरेच्या घरे आली. बैल, भांडी, म्हातारी माणसे बंडीत घालून आली. ती काही सूर्यास्त पाहायला आली नव्हती. खाली पाणी नव्हते, खायला नव्हते, वर पाऊस पडतो असे ऐकले होते. दगड वेचले, जमीन फोडली, ज्वारी पेरली, पुढे कापूस पेरला.

दिसायला हा पहाड सुंदर आहे यात शंका नाही. श्रावणात जाऊन पाहा. पण जमीन पातळ, खाली चुनखडीचा थर. पाऊस धो धो पडतो आणि तसाच वाहून जातो. पावसाळ्यात हिरवागार दिसणारा पहाड फाल्गुनात कोरडा पडतो आणि बाया झऱ्यावर वाटी वाटी पाणी भरत बसतात. दिवाळीनंतर, कापूस वेचून झाला न झाला की माणसे कामाच्या शोधात उतरतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून मिरची तोडायला तेलंगणात किती गाड्या भरून जातात, ते सीमेवरच्या गावांना सांगायला नको. ज्या हंगामात शहरवाला पहाड चढतो त्याच हंगामात पहाडवाला उतरतो.

बरे, ज्यांनी दोन पिढ्या ही जमीन कसली त्यांच्या हाती कागद काय आहे? बहुतेकांच्या हाती काहीच नाही. जमीन वनखात्याची की महसूलची, हा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. २००६ साली वनहक्क कायदा आला, लोकांना वाटले आता सुटलो. कायदा सांगतो, आदिवासी असाल तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवा. आणि आदिवासी नसाल तर त्याच तारखेपूर्वी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवा. हिशेब करा. १९३० च्या आधीपासून तिथे असायला हवे. १९७२ च्या दुष्काळात आलेल्या माणसाने तो पुरावा कोठून आणायचा? तो आणखी शंभर वर्षे तिथे राहिला तरी त्याचे ७५ भरणार नाहीत, कारण मोजणी २००५ लाच थांबली आहे.

सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. कर्ज नाही म्हणून खेड्यातल्या व्यापाऱ्याची उधारी. सरकारी खरेदीला कापूस न्यायचा तर तिथेही सातबारा आणि पीकपेरा लागतो. म्हणून हमीभाव जाहीर झालेला कानावर येतो आणि माल व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. यातल्या चौदा गावांची तर आणखीच तऱ्हा. महाराष्ट्र म्हणतो आमची, पलीकडचे राज्य म्हणते आमची. सुप्रीम कोर्टात १९९७ साली प्रकरण महाराष्ट्राच्या बाजूने लागले, तरी लोकांकडे दोन राज्यांची रेशनकार्डे आणि दोन राज्यांच्या मतदारयाद्यांत नावे. दोन सरकारे असूनही जमिनीचा एक पक्का कागद नाही.

आणि या पहाडाच्या पायथ्याशी काय आहे? गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे कारखाने आहेत. नांगराच्या फाळाने जंगलाचे नुकसान होते म्हणणाऱ्या कायद्याला त्याच मुलखात चुनखडीच्या खाणींसाठी वाट सापडली. तिकडे एटापल्लीत सूरजागडचा पहाड, ज्याला तिथले माडिया देव मानतात, त्याच्यातून लोहखनिजाचे ट्रक उतरतात. म्हणजे पहाड जपायचा तो कास्तकारापासूनच.

वाघाच्या शेजारी

आता ताडोबाकडे येऊ. राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, राज्यातले पहिले. अंधारी अभयारण्य १९८६ चे. दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, आज गाभा आणि बफर धरून १,७०० चौरस किलोमीटरच्या वर. २००७ पासून पुढच्या काही वर्षांत गाभ्यातली बोटेझरी, कोळसा, रामदेगी-नवेगाव, जामणी ही गावे उठली. जिथे गावठाण आणि वावरे होती तिथे गवत वाढले, गवतावर चितळ आले, चितळामागे वाघ आला, आणि आज तिथेच जिप्सी थांबवून लोक फोटो काढतात. पाहुण्यांना ते आदिम जंगल वाटते. तिथला मोकळा माळ आपल्याच आजोबांनी साफ केला होता, हे कोणी सांगत नाही.

वाघ वाढले, चांगले झाले. चंद्रपूर जिल्ह्यात आज दोनशेच्या वर वाघ सांगतात. पण वाघ नकाशावरची रेघ पाहून चालत नाही. आणि वाघापेक्षा रोजचे दुखणे रानडुकराचे आणि रोह्याचे. कोवळी ज्वारी डुक्कर लोळवते, उरलेली पाखरे खातात. किती धुऱ्यांवरून ज्वारी गेली ते मोजा. माणसाची भाकर गेली आणि बैलाचा कडबाही गेला. मग रात्ररात्र मचाणीवर जागल. नुकसान झाले तर मुदतीत अर्ज, पंचनामा, वेगवेगळ्या खात्यांच्या सह्या, आणि हाती येईल ती रक्कम बाजारभावाने नव्हे. कोणी वैतागून कुंपणात करंट सोडतो, त्यात कधी वाघ मरतो, कधी शेजाऱ्याचा पोरगा मरतो.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. मेल्यावर सरकार पंचवीस लाख देते. जिवंत असताना त्याच बाईला पुड्यामागे काय मिळते ते आपण जाणता. एवढ्याशा मजुरीसाठी ती त्या जंगलात का गेली, याचे उत्तर वनखात्याकडे नाही, ते घरच्या कोरडवाहू चार एकरांच्या हिशेबात आहे.

सकाळी पाच वाजता, थंडीत कुडकुडत, उघड्या गाडीत बसायला हजारो रुपये देणारा एक माणूस आणि त्याच वेळी मचाणीवरून उतरणारा एक कास्तकार. दोघांनीही रात्रभर वाघाचाच विचार केलेला असतो. एकाला तो दिसावा म्हणून, दुसऱ्याला तो दिसू नये म्हणून.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. गेटवरच्या गावांतली पोरे गाईड झाली, काहींनी जिप्सी घेतल्या, मोहर्लीकडे बायाही गाईड म्हणून उभ्या राहिल्या. ही रोजी लहान नाही आणि कोणी तिला नावे ठेवू नयेत. मिरची तोडायला खम्मम-वारंगलला जाण्यापेक्षा ती शंभर पट बरी. पण गेटपासून दोन कोस आत असलेल्या गावाला यातले काय पोचते? डुक्कर तिथेही तेवढेच येते. आणि ज्याने रिसॉर्टला जमीन दिली तो त्याच जमिनीवर ताटे मांडत असेल तर त्याला रोजगार जरूर मिळाला, पण त्याचा धंदा दुसऱ्याच्या हाती गेला. तिथे 'गावरान जेवण' म्हणून ज्वारीची भाकर वाढतात. एका भाकरीचे जे बिल लावतात त्यात किती किलो ज्वारी येते, हे आपल्यातल्या कोणीतरी एकदा विचारून यावे.

विकू नका असे आम्ही म्हणत नाही

आपली जमीन आपण कोणाला विकावी हे सरकारने ठरवू नये, असे आम्ही मानतो. शेतकऱ्याची जमीन शेतकऱ्यानेच घ्यावी हा कायदा शेतकऱ्याच्या भल्यासाठी केला असे सांगतात. प्रत्यक्षात गिऱ्हाईक कमी केले की भाव पडतो, हे बाजारात भाजी विकणारी बाईही सांगेल. ज्याच्याकडे पैसा आहे तो कुठून तरी शेतकरी असल्याचा दाखला आणतोच. अडतो तो विकणारा.

तेव्हा जो विकतो आहे तो मोकळ्या मनाने विकतो आहे की कोंडीत सापडून, हे आम्ही पाहतो. डुकराने ज्वारी नेली, भावाने कापूस बुडवला, बँकेने दार लावले, पोराला मुलगी मिळेना कारण गाव जंगलाच्या काठी. अशा माणसाच्या दारात कोणी नोटांची पिशवी घेऊन आला तर तो सौदा म्हणजे लिलाव. वर्षभराने त्याच वावराचे तुकडे पाडून जो भाव मिळतो तो ऐकला की पोटात खड्डा पडतो. विकणाऱ्याने शेतीचा भाव घेतला, घेणाऱ्याने नजाऱ्याचा भाव घेतला. नजारा तर विकणाऱ्याने राखला होता.

पुण्याजवळचे लवासा आठवा. १९९६ मध्ये सरकारने डोंगरात नवी गिरिस्थाने बांधायला खास नियम केले. मुळशी-वेल्ह्याच्या अठरा गावांचा मुलूख त्यासाठी जाहीर झाला. हे तेच मुळशी, जिथे १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले होते. वरसगावच्या पाण्याकाठी इटलीच्या धर्तीचे रंगीत शहर उभे राहू लागले. २०१० च्या नोव्हेंबरात पर्यावरण खात्याने काम थांबवले, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. ज्यांनी घरासाठी पैसे भरले ते अडकले, त्यांच्यासाठी निदान कोर्टाचा दरवाजा आहे. ज्यांनी सुरुवातीला जमिनी दिल्या त्यांचा नांगर परत त्या डोंगरात चालणार नाही.

परदेशात काय करतात

स्वित्झर्लंडचे नाव घेतले की आपल्याकडे सिनेमातला बर्फ आठवतो. तिथल्या डोंगरउतारावर जी हिरवीगार कुरणे दिसतात ती आपोआप उगवत नाहीत. उन्हाळ्यात शेतकरी गाई वर नेतो, गवत कापतो, झुडपे तोडतो, म्हणून ती तशी राहतात. गाई गेल्या तर काही वर्षांत झुडपे माजतील आणि ज्या देखाव्यासाठी जग तिथे जाते तो देखावाच जाईल. हे तिथल्या लोकांना कळले आहे, म्हणून ते आपल्या शेतकऱ्यांना दरवर्षी सुमारे २८० कोटी फ्रँक थेट देतात. उताराची शेती, उन्हाळी कुरण यांचे वेगळे पैसे आहेत. तो देश म्हणतो, देखावा हे शेतकऱ्याने पिकवलेले पीक आहे, त्याचे दाम त्याला द्या.

आणखी एक. तिथेही शहरी श्रीमंतांनी डोंगरातल्या गावांत घरे घेतली. वर्षातले पन्नास आठवडे खिडक्या बंद, गावात दिवा नाही, आणि गावच्या पोराला घर घ्यावे तर भाव आभाळाला. शेवटी ११ मार्च २०१२ रोजी देशभर मतदान झाले आणि ठरले, कोणत्याही गावात अशी दुसरी घरे शंभरात वीसपेक्षा जास्त नकोत. काही डोंगरी गावांनी याला विरोध केला, कारण बांधकामावर त्यांचीही पोटे होती. आम्ही त्यांचाच कायदा इथे आणा असे म्हणत नाही. बंद खिडक्यांचे गाव कसे असते, एवढे मात्र आपण त्यांच्याकडून आधीच ऐकून ठेवावे.

इतके लांब जायचेही कारण नाही. धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा घ्या. २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक पास वनखात्याकडून. जंगल तुमचे, पावतीपुस्तक आमचे. गाव हटले नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्राचे मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. मग बांबूचा सौदा गावाने केला, तोडणीची मजुरी गावाने ठरवली, पैसा गावाच्या खात्यात आला. तिथले जंगल संपले नाही, आणि माणसेही उठून गेली नाहीत. मेंढ्याची माणसे पहाडाच्या प्रेमात पडून तिथे राहतात असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही असेल. पण प्रेम टिकायला पावतीपुस्तक हाती असावे लागते.

मागायचे काय

मदतीची झोळी घेऊन आपण उभे नाही. केलेल्या कामाचे दाम मागणे वेगळे. माणिकगडावर ज्यांनी १९७२ पासून जमीन कसली त्यांना ७५ वर्षांची अट न लावता सातबारा मिळाला पाहिजे. हे पहिले, कारण बाकी सगळे त्यावर लटकले आहे. सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले. शेतकऱ्याने आपल्याच शेतात चार खोल्या बांधाव्यात, पाहुणे ठेवावेत. चांगले आहे. पण सातबारा नसलेल्याने नोंदणी कशावर करायची? आणि ज्याच्याकडे सातबारा आहे पण जमीन ताडोबाच्या शेजारी, त्याच्यावर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या इको-सेन्सिटिव्ह झोनचे नियम. कंपनीकडे वकील असतो, ती नियमातून वाट काढते. कास्तकार तहसीलची पायरी झिजवतो. चार खोल्यांपर्यंतच्या घरगुती मुक्कामाला एका अर्जावर परवानगी द्या, मग कळेल पाहुण्याला रिसॉर्ट हवे होते की आपल्या घरची भाकर.

आणि डुकराने, रोह्याने नेलेल्या पिकाचे पैसे हमीभावाने द्या. २०२५-२६ साठी सरकारनेच मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये क्विंटल जाहीर केले आहेत. जंगलातली जनावरे पाळायचीच असतील तर त्यांच्या चाऱ्याचे बिल पाळणाऱ्याने त्याच दराने भरावे. ते बिल गेटवर गोळा होणाऱ्या पैशातून द्यायचे की तिजोरीतून, हा त्यांचा प्रश्न.

जिल्हा बैठकीला येताना एक काम करा. भद्रावती, चिमूर, मूल, सिंदेवाही, जिवती, राजुरा या तालुक्यांत ज्यांच्या वावराला गेल्या पाच वर्षांत बाहेरचे गिऱ्हाईक आले, त्यांनी सर्वे नंबर, मागितलेला भाव, आणि विकले असेल तर मिळालेला भाव कागदावर लिहून आणावा. नाव घातले नाही तरी चालेल. एका टेबलावर हे सगळे आकडे आले की पुढच्या वेळी दारात उभ्या राहणाऱ्या दलालाला कोणता भाव सांगायचा हे आपल्याला कळेल. आणि ज्याला विकायचे नाही पण पैशाची नड आहे, त्याने ठरावीक वर्षांच्या भाड्याने देता येईल का, हेही बैठकीत विचारावे. करारातल्या अटी वाचायला जाणती माणसे तिथे असतील. अंगठा उठवण्याआधी या, नंतर नको.